कोणाकडे निघालात?

डॉक्टरांनी चिठ्ठीवर तीन औषधे लिहून दिली आणि चौथ्या ओळीत दोनच शब्द लिहिले : 'रोज चालणे'. पहिली तीन औषधे कर्जतच्या बाजारात दहा मिनिटांत मिळाली. चौथे हाती लागण्यास आम्हांला जवळजवळ एक वर्ष लागले. त्या वर्षाचीच ही हकिकत आहे.

आमचे वय तेव्हा ५४ होते. वजन ८४ किलो, रक्तदाब १५० वर ९६, आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ८.४. संयमावर प्रवचने देणाऱ्या माणसाच्या रक्तात साखर साचून राहावी, यातला विनोद डॉक्टरांच्या ध्यानात आला नसावा. आमच्या मात्र आला. धर्मगुरूच्या दिनक्रमात एक गोम आहे. तो दिवसभर कोठे ना कोठे जात असतो, पण चालत मात्र कोठेच नसतो. मोटारसायकलवरून उतरावे, उंबरठा ओलांडावा, खुर्चीत बसावे, समोर आलेला चहा आणि बशीतला लाडू नाकारून यजमानीणबाईंचे मन मोडू नये, आणि पुन्हा मोटारसायकलवर बसावे. अशी वीस-बावीस वर्षे गेली.

लहानपणी असे नव्हते. वसईकडच्या आमच्या घरात 'फिरायला जाणे' हा शब्दप्रयोगच नव्हता. आई पहाटे भाजीची पाटी डोक्यावर घेऊन स्टेशनाची वाट चालू लागे. वडील वाडीत जात, वाडीतून घरी येत, सायंकाळी देवळात जात. कोणी त्यांना व्यायाम करता का असे विचारले असते तर त्यांनी त्या माणसाकडे संशयाने पाहिले असते. पुढे सेमिनरीत सायंकाळच्या फेऱ्या हा शिस्तीचाच भाग होता. दोघा-तिघांच्या घोळक्याने मैदानाच्या कडेने चालावे, सकाळच्या तत्त्वज्ञानाच्या तासावर वाद घालावा, घंटा झाली की थांबावे. गुरुदीक्षेनंतर घंटा थांबली आणि पायही थांबले. प्रथम सायकल मिळाली, मग स्कूटर, मग मोटारसायकल. प्रत्येक वाहनाचे आम्ही आनंदाने स्वागत केले आणि प्रत्येकाने आमच्या पायांतले थोडे थोडे काढून नेले.

असो. डॉक्टरांची आज्ञा पाळण्याचे ठरवून आम्ही चालण्यासाठी राजनाला कालव्याचा काठ निवडला. भिवपुरीच्या वीजगृहातून टाटांनी सोडलेले पाणी या कालव्याने कर्जतच्या शेतांत खेळते. त्यावर उन्हाळ्यातही भात उभे असते. काठ सपाट आहे, झाडांची सावली आहे. तेथवर आम्ही मोटारसायकलने जात असू आणि मग गाडी उभी करून चालत असू, ही गोष्ट वाचकांनी हसत हसत वाचावी. आम्हांला त्या वेळी हसू आले नाही. आमच्या पुतण्याने फोनमध्ये पावले मोजण्याची सोय करून दिली होती. दहा हजार पावले झालीच पाहिजेत, असे त्याने बजावले होते. रात्री आठशे पावले कमी पडली की आम्ही धर्मगुरुनिवासाच्या व्हरांड्यात येरझारा घालून ती भरून काढीत असू. स्वयंपाकाच्या मावशींना वाटले, फादरांना कसली तरी काळजी लागली आहे.

या दहा हजारांचे मूळ आम्हांला नंतर कळले. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झाले. त्यानंतरच्या उत्साहात, १९६५च्या सुमारास, जपानमधील एका कंपनीने पावले मोजणारे छोटे यंत्र विक्रीस आणले आणि त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे मोजमाप' अशा अर्थाचे ठेवले. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, म्हणून तो जगभर गेला. अलीकडच्या अभ्यासांतून असे दिसते की साठीपुढील माणसाला सहा ते आठ हजार पावलांपर्यंत चांगला लाभ होतो आणि त्यापुढे लाभाची वाढ मंदावते. म्हणजे आमच्या व्हरांड्यातील येरझारा एका जुन्या जाहिरातीच्या सेवेत चालल्या होत्या.

आकड्यावर चालणारा माणूस आकडा चुकला की थांबतो. आमचेही तेच झाले. पाऊस आला, चार दिवस खंड पडला. मग नोव्हेना, मग शाळेचे काम, मग नाताळ. नाताळनंतर पुन्हा आरंभ. फेब्रुवारीत पुन्हा खंड. पश्चात्ताप आणि पुनरारंभ यांचे हे चक्र पापनिवेदन ऐकताना आम्ही इतरांच्या तोंडून पुष्कळदा ऐकले होते.

अशाच एका पुनरारंभाच्या सकाळी कालव्यावर एक म्हातारबाबा भेटले. ते ठाकूरवाडीचे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत ठाकूरवाडी हे काही एकाच गावाचे नाव नव्हे. डोंगराच्या कुशीत जेथे ठाकूर समाजाची वस्ती, तेथे ठाकूरवाडी. बोरघाट चढणाऱ्या लोहमार्गावरसुद्धा कर्जत आणि खंडाळा यांच्या दरम्यान एक ठाकूरवाडी आहे. म्हातारबाबांची वाडी कालव्यापासून दीड तासाच्या वाटेवर, टेकडीच्या खांद्यावर होती. ते करवंदे घेऊन बाजारात निघाले होते. वय सत्तरीपलीकडचे, अंगावर मांस नावालाच, पायांत झिजलेली चप्पल. थोडी वाट त्यांची आणि आमची एकच होती.

"कुनाकडं निघालाव, बाबा?" त्यांनी विचारले.

"कोणाकडे नाही. चालायला निघालो आहे."

ते काही पावले गप्प राहिले. मग त्यांनी अगदी सरळपणे विचारले, "मंग पोचनार कवा?"

त्यांच्या मनात थट्टा नव्हती. जो माणूस निघाला आहे तो कोठेतरी पोहोचणार, हे त्यांच्या लेखी इतके उघड होते की आमचे उत्तर त्यांना अपुरे वाटले. आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न कोठे जाऊन लागला होता हे त्यांना ठाऊक नव्हते. ते आता सांगितले पाहिजे. एरवी हा लेख म्हणजे पथ्यपाण्याची माहिती एवढाच उरेल.

त्याआधीच्या जुलै महिन्यातील एका रात्री अकराच्या सुमारास फोन आला होता. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी ठाकूरवाडीच्या वाटेवर, टेकडीच्या निम्म्यावर, जागा घेऊन घर बांधले होते. त्यांच्या पत्नी पुष्कळ दिवस आजारी होत्या. मुलगी फोनवर म्हणाली, "फादर, आई तुम्हांला बोलावते आहे." आम्ही तेल आणि पवित्र साक्रामेंत घेऊन निघालो. डांबरी रस्ता टेकडीच्या पायथ्याशी संपतो. तेथून पुढे पायवाट. चालत्या माणसाला वीस-पंचवीस मिनिटांची. पाऊस पडत होता. आमच्या हातात टॉर्च होता. पहिल्या वळणावर छाती भात्यासारखी हलू लागली आणि आम्ही दगडावर बसलो. दुसऱ्या वळणावर पुन्हा बसलो. या खेपेस बराच वेळ. घरात शिरलो तेव्हा बाईंची शुद्ध गेली होती. आम्ही रुग्णाभ्यंग दिला, प्रार्थना म्हटल्या. पहाटे त्या गेल्या. घरातील कोणी एका शब्दानेही आम्हांला काही विचारले नाही. संस्काराची कृपा माणसाच्या शुद्धीवर अवलंबून नसते, हे आम्ही सेमिनरीत शिकलो आहोत आणि ते आम्ही मानतोही. तथापि बाईंना आमच्याशी बोलायचे होते आणि ते बोलणे राहून गेले, हेही तितकेच खरे. डॉक्टरांकडे आम्ही गेलो ते त्यानंतरच्या आठवड्यात. त्या घराकडे मात्र आम्ही पुन्हा गेलो नव्हतो. वर्षश्राद्धाची मिस्सा देवळात झाली. टेकडी चढण्याचे आम्ही टाळले.

म्हातारबाबांच्या प्रश्नानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही गाडी घरी ठेवली आणि धर्मगुरुनिवासापासून त्या घरापर्यंत चालत गेलो. सकाळची वेळ होती. वाटेत चार वेळा थांबलो, पण घाई नव्हती. मुलगी अंगणात होती. तिने पाणी दिले. बोलता बोलता आम्ही त्या रात्रीचा विषय काढला आणि उशीर झाल्याबद्दल क्षमा मागितली. ती म्हणाली, "फादर, आम्हांला खिडकीतून तुमच्या टॉर्चचा उजेड दिसत होता. दोनदा थांबला. आई विचारत होती, फादर आले का? मी सांगत होते, वळणावर आले आहेत." थोड्या वेळाने ती पुढे म्हणाली, "तुम्ही बसला असाल हे आम्हांला कळले होते. तुमचीही काळजी वाटत होती." आम्ही तेथे बराच वेळ बसलो. निवृत्त गृहस्थांनी लावलेले आंब्याचे कलम आम्हांला दाखवले. परतताना उतारावर आमच्या ध्यानात आले की फोन घरीच राहिला होता आणि आज आपण पावले मोजलेली नाहीत.

तेव्हापासून आम्ही स्वतःपुरता एक नियम केला : चालायचे ते कोणाकडे तरी. दोन-अडीच किलोमीटरच्या आतील कोणत्याही घरी गाडीने जायचे नाही. सोमवारी एका आजाऱ्याकडे, मंगळवारी एका म्हाताऱ्या जोडप्याकडे, बुधवारी जो कोणी बरेच दिवस देवळात दिसला नसेल त्याच्याकडे. चहा बिनसाखरेचा घेतो, हे आता सर्व घरांना माहीत झाले आहे. चालत आलेल्या माणसाला लाडवाचा आग्रह कमी होतो, हाही एक अनुभव. मुख्य म्हणजे खंड पडेनासा झाला. आपली वाट पाहणारे कोणी नसले की पाऊस हे घरी बसण्याचे उत्तम कारण असते. कोणी वाट पाहत असले की छत्री सापडते.

आमच्या या शोधात नवे काही नाही. याच रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातील गागोदे या गावी १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचे निमित्त होऊन चालू लागले, तेव्हा त्यांचे वय ५५ होते. प्रकृती नाजूक, पोटाचे दुखणे जुने. पुढे तेरा वर्षे ते गावामागून गाव चालत राहिले. प्रकृती सुधारावी म्हणून ते निघाले नव्हते. भूमिहीनांसाठी जमीन मागायला लोकांच्या दारी निघाले होते. आमची झेप अर्थातच धर्मग्रामाच्या वेशीपर्यंत. पण पन्नाशी उलटल्यावर पाय निकामी होतात, ही सबब मात्र गागोद्याच्या इतक्या जवळ राहून आम्हांला सांगता येईना.

नऊ महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलो. वजन ७७, तीन महिन्यांची साखर ६.९. रक्तदाबाची एक गोळी निम्म्यावर आली. ती डॉक्टरांनी आणली, आम्ही नव्हे, हे मुद्दाम लिहितो, कारण चालू लागल्यावर स्वतःच्या मनाने गोळ्या सोडणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. डॉक्टरांनी समजावले की चालताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू रक्तातील साखर स्वतःहून ओढून घेतात, त्या वेळी त्यांना इन्शुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटेही वाया जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम श्रम सुचवला आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. आणि हे ज्ञान फार जुनेही नाही. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढ-उतर करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असल्याचे त्यांना आढळले. गाडी एकच, रस्ता एकच. एक बसलेला, दुसरा चालता. तो अभ्यास वाचल्यावर आम्हांला आमची मोटारसायकल आठवली आणि पाटी घेऊन निघणारी आईही आठवली.

चढ कसा चढावा हे मात्र आम्हांला डॉक्टरांनी शिकवले नाही, म्हातारबाबांनी शिकवले. एका गुरुवारी ते पुन्हा कालव्यावर भेटले आणि या वेळी आम्ही त्यांच्याबरोबर वर ठाकूरवाडीपर्यंत गेलो. चढणीला लागताच त्यांचे पाऊल निम्मे झाले. सबंध तळवा जमिनीवर टेकायचा, मग दुसरा उचलायचा. वेग इतका कमी की आम्हांला संकोच वाटला, पण ते थांबले नाहीत आणि त्यामुळे आम्हीही थांबलो नाही. "चढाला घाई नाय करायची," ते म्हणाले. "दम बघून पाऊल टाकायचा." बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालावे, असे डॉक्टर सांगतात, त्याचा हा ठाकूरवाडीचा पाठ. उतरताना गुडघे ताठ ठेवायचे नाहीत, पाऊल आखूड टाकायचे, आणि पावसाळ्यात काठी पुढे आपटत जायचे म्हणजे जनावर असेल तर वाट सोडते.

मधुमेही वाचकांसाठी येथे आणखी दोन शब्द. साखरेने पायांची जाणीव कमी होते. म्हणून नवसासाठीदेखील अनवाणी चालू नये, आणि रात्री झोपण्यापूर्वी तळवे पाहावेत. साखर उतरवणारी औषधे चालू असतील तर खिशात थोडी साखर किंवा बिस्किटे असू द्यावीत. चालताना छातीवर दडपण आले, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, घेरी आली, तर तेथेच थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आरंभ दहा मिनिटांनी करावा.

ठाकूरवाडीत आम्हांला बसायला घोंगडी घातली. समोर नाचणी आणि वरीची उतरती शेते, कुडाच्या भिंतींची घरे. आम्ही भारावून जाऊन म्हणालो, "तुमची माणसे रोज चढतात-उतरतात, म्हणूनच काटक आहेत." म्हातारबाबा हसले. "रस्ता झाला का मी बी फटफटीवरच बसंन," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितले की सून अडली होती तेव्हा तिला झोळीत घालून चौघांनी याच उताराने खाली नेली, पाऊस होता, दवाखान्यात पोहोचेपर्यंत मूल गेले. सून वाचली. ती आत भाकरी थापत होती.

आमच्या चालण्याचे कौतुक तेथे एकाएकी लहान झाले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तीही ठाकूर समाजाचीच वस्ती. वर गाडी जाईल असा रस्ता नव्हता. मदतीला धावलेल्या माणसांना भर पावसात निसरडी पायवाट चढावी लागली. मोठी यंत्रे वर नेता येईनात, म्हणून कुदळ-फावड्यांनी माती उपसावी लागली. त्या चढणीवरच नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने अंत झाला. चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. रस्त्याने दरड थांबली नसती, हे आम्हांला कळते. पण पोहोचण्यास उशीर होणे म्हणजे काय, हे त्या रात्री डोंगर चढलेल्या प्रत्येकाला कळले असेल. आमच्या टेकडीवरील दोन वळणांची आठवण त्यापुढे अगदीच लहान आहे. तरी ती त्याच जातीची आहे.

म्हणून चालण्याची थोरवी गाताना आम्ही आता जपून बोलतो. आम्हांला चालणे हवे आहे आणि ठाकूरवाडीला रस्ता हवा आहे; या दोन्ही मागण्या खऱ्या आहेत आणि एकीने दुसरीला खोटे पाडण्याचे कारण नाही. वाडीच्या रस्त्याच्या अर्जावर सही करणाऱ्यांत आमचेही नाव आहे. त्या अर्जाच्या चौकशीसाठी तालुक्याच्या कचेरीत आम्ही चालतच जातो. अर्ज अजून वाटेत आहे.

यंदाच्या पावसाळ्यात निवृत्त गृहस्थांना ताप आला म्हणून मुलीने सायंकाळी बोलावले. आम्ही टेकडी चढलो. पहिल्या वळणावर दगड होता, दुसऱ्या वळणावरही होता. पाऊल निम्मे केले, दम पाहिला, आणि टॉर्चचा उजेड हलता ठेवला. ताप साधाच होता. गृहस्थांनी आमच्याशी रेल्वेच्या गोष्टी तासभर केल्या.

कालव्यावर म्हातारबाबा अधूनमधून भेटतात. "आज कुनाकडं?" ते विचारतात. आम्ही घराचे नाव सांगतो. ते मान डोलावतात आणि आपल्या वाटेला लागतात.